बॅनरवरचं तिसरं नाव

काकी,

काल तुझं तेरावं झालं. आज घर रिकामं आहे. मोठी आई दमून आत आडवी झालीय आणि मी पडवीत तुझ्या जागेवर बसलेय. इथून खाली दिघीची खाडी दिसते म्हणून तू ही जागा कुणाला द्यायची नाहीस, पाहुण्यालासुद्धा नाही. आगरदांड्याहून संध्याकाळची बोट सुटायला अजून अवकाश आहे. त्या बोटीनं ताई येणार आहे. ती येईपर्यंत मला तुझ्याशी बोलून घ्यायचंय, कारण ती आल्यावर तिला जे सांगायचंय त्याची मला फार भीती वाटतेय.

तू गेल्यापासून मी जे काही करते त्याचा पुरावा होतो. तुला अग्नी मी दिला. स्मशानातून घरी येऊन पायावर पाणी घेते न घेते तोच ताईच्या नोकरीचा दावा चालवणाऱ्या वकिलांचा फोन आला. आधी ते म्हणाले, फार वाईट झालं. मग विचारलं, अग्नी देतानाचे फोटो काढलेत का कुणी? मुलीनं आईला अग्नी दिला हे आपल्या बाजूनं चांगलं आहे, म्हणाले. माणूस वाईट नाहीत ते, त्यांचं काम करतायत. पण त्या क्षणापासून मला रडायचीही भीती बसली. जास्त रडले तर मुलगी, कमी रडले तर पुतणी. चितेपाशी एकदा तोंडात ‘आई’ आलं होतं, तेही गिळलं. बावीस वर्षांत तुला कधी आई म्हटलं नाही आणि आता म्हटलं असतं तर कुणीतरी ते लिहून घेतलं असतं. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आपल्या घरात काय घडलं ते मी तुला काय सांगणार? पण उद्या माणगावला वकिलांकडे मला ते शपथेवर लिहून द्यायचंय. तेव्हा एकदा तुझ्यासमोर म्हणून बघते. चुकलं तर टोक.

आप्पा आणि काका सख्खे भाऊ. आप्पा पोलिसात हवालदार, जिल्ह्याच्या गावी पोलीस लाइनीत राहायचे. काका इथे सुपारीची वाडी बघायचे. आप्पांना दोन मुली झाल्या, ताई आणि मधली. तुम्हाला मूल झालं नाही. तिसऱ्या खेपेला आप्पांची बायको, म्हणजे मोठी आई, बाळंतपणाला इथे गावी आली आणि ह्याच घरात मी जन्मले. बारशाच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तिनं नारळ, तांदूळ आणि त्यावर मी, असं सगळं तुझ्या ओटीत घातलं. दुसऱ्या दिवशी काका ग्रामपंचायतीत गेले आणि जन्माच्या रजिस्टरात बाप म्हणून स्वतःचं आणि आई म्हणून तुझं नाव लिहून आले. गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मूल नसलेल्या भावाला भावानं मूल द्यायचं, हे आपल्याकडे होत आलंय. त्याचा कागद करावा लागतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी तिसरीत असताना काका गेले, मग आपण दोघीच राहिलो.

इथपर्यंत बरोबर आहे ना?

पुढे आप्पा बंदोबस्तावर असताना छातीत कळ येऊन गेले. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला त्याच खात्यात नोकरी मिळते, अनुकंपा म्हणतात तिला. ताईनं अर्ज केला, प्रतीक्षायादीत नाव लागलं, तीन-चार वर्षांनी नंबर आला. तिनं मैदान मारलं, ट्रेनिंग केलं, वर्दी अंगावर चढवली. आता खाडीपलीकडे तिची ड्युटी आहे. पण त्याच नियमात एक ओळ आहे. ठरावीक तारखेनंतर ज्याला तिसरं मूल झालं, त्याच्या घराला ही नोकरी नाही. मूल दुसऱ्याला देऊन टाकलं असलं तरी जन्मलं ते जन्मलं, असं वकील सांगतात. ते तिसरं मूल मी. मी आप्पांची ठरले की ताईची वर्दी उतरली. यादीत ताईच्या खाली नाव असलेला, पाली गावाकडचा एक माणूस न्यायाधिकरणात गेलाय आणि हेच म्हणतोय. आणि खरं सांगू, तो म्हणतोय ते खरं आहे.

त्यानं जोडलेला पुरावा म्हणजे आप्पांच्या श्रद्धांजलीचा बॅनर. नाक्यावर लागला होता तो. आप्पांचा टोपी घातलेला फोटो, खाली शोकाकुल पत्नी आणि तीन कन्या, आणि तिसरं नाव माझं. कुणीतरी फोटो काढून पोलीसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता, तो इतक्या वर्षांनी वर आला. तो बॅनर सांगून छापून आणला होतास तू. मोठी आई त्या दिवसांत शुद्धीवर नव्हती.

मी कोणाची ते मला कुणी बसवून सांगितलं नाही. मला आरशात कळलं. सातवीत होते. आप्पांचं नाक जसंच्या तसं माझ्या तोंडावर आहे, ताईपेक्षाही जास्त. मी तुला काकी म्हणायचे कारण सुट्टीत आलेल्या त्या दोघी तुला काकी म्हणायच्या आणि तूही कधी टोकलं नाहीस. परत जाताना आप्पा त्या दोघींच्या डोक्यावर हात ठेवायचे. माझ्यापाशी आले की हात अर्धा उचलायचे आणि खिशात घालायचे. जणू रुमाल शोधतायत. तू तेव्हा दारात उभी असायचीस. मला वाटायचं तुझं लक्ष नसतं.

आणि तुझी माया म्हणजे निव्वळ आरडाओरडा. सुपारी सोलताना तुझ्याशी बोलायचं नाही, हा ह्या घरातला कायदा होता. मला कावीळ झाली तेव्हा मला पाठुंगळी मारून चढण उतरलीस, बोटीत बसलीस आणि पलीकडे लागेपर्यंत त्या बोटवाल्याशी भांडत राहिलीस, बोट मुद्दाम हळू चालवतोस म्हणून. तो बिचारा म्हणाला, ओहोटी हाय काकी, मी काय करू? तू म्हणालीस, ओहोटीला माझी पोर दिसत न्हाय काय? मी तापात होते पण ते मला लख्ख आठवतं. मी कुणाची पोर ह्या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात साफ उत्तर तेच होतं.

मग तो पालीकडचा माणूस घरी आला त्या दिवशी तू तशी का वागलीस, ते मला तेव्हा कळलं नाही. वकिलांनी बजावलं होतं, दावा लावणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. तू त्याला पोहे केलेस. टक्कल पडायला लागलेला, घामेजलेला, चप्पल बाहेर नीट लावून आत आलेला माणूस. त्याचे वडीलही नोकरीत असतानाच गेले. आप्पांच्या ओळखीचे होते. यादीत थांबून थांबून त्याचं वय निघत आलंय, आणखी थोडे महिने गेले की वयाच्या अटीत तो बाद. मान खाली घालून म्हणाला, “काकी, तुमच्या पोरीचं वाटोळं करायला मी न्हाय आलो. माझी आय रोज इचारते, नंबर कधी लागंल. तिला काय सांगू?”

तू त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढलेस. जाताना त्याच्या आईसाठी निवडक सुपारीची पुडी बांधून दिलीस. तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी तुझ्यावर तुटून पडले. तू नक्की कुणाच्या बाजूची, विचारलं. तू ताटली उचलत म्हणालीस, बाजू काय गो, त्याचाबी बापच मेलाय. मला तेव्हा तुझा इतका राग आला की दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. आज वाटतं, त्या दोन दिवसांचं मी काय करू?

मग तो रविवार. गुरुवारी तुला माणगावला जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती, ही माझ्या पोटची मुलगी म्हणून. दिवेलागण झाली होती. तू सूप घेऊन सुपारी निवडत होतीस. मी कायदा मोडून बोलायला बसले. किती सोपं आहे ते समजावत होते. रजिस्टरात तेच लिहिलंय, मी स्वतः ग्रामपंचायतीत बसून लोकांचे जन्मदाखले काढते, माझ्या दाखल्यावर तुझंच नाव आहे, तुला फक्त हो म्हणायचंय. माझी भीती मी तुला सांगितली नाही. उद्या कुणी म्हणालं की ह्या पोरीनंच कॉम्प्युटरवर नाव फिरवलं तर? कुणी रक्ताची तपासणी मागितली तर? मी न्यायाधीशासमोर उभी राहिले आणि त्यानं माझं नाक बघितलं तर? ते काहीच न बोलता मी एवढंच म्हणत राहिले, एक वाक्य आहे काकी, एक वाक्य.

तू हातातली सुपारी बाजूला ठेवलीस. “लिवलं ते त्यांनी. मी माझ्या तोंडानं कधी म्हटलं न्हाय. मी शपथ घिऊन सांगितलं का मी जन्म दिला, तर वैनीनं मला काय दिलं मग?”

आणि मी नको ते बोलले. मग बॅनरवर तीन कन्या कशाला लिहून आणल्यास, अक्कल कुठे गेली होती तेव्हा, ताईची नोकरी गेली तर ती तुझ्यामुळे जाईल. शब्द न शब्द आठवतोय मला. तू माझ्याकडे बघितलंस, सूप उचललंस आणि आत जाताना म्हणालीस, भात झाकून ठेवलाय, जेव.

सोमवारी सकाळी तू उठली नाहीस. गुरुवारसाठी काढलेलं हिरवं लुगडं उशाशी घडी करून ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, कशानंही थांबलं असतं. सगळे मला सांगतात, तुझ्या बोलण्यानं असं होत नसतं. पण त्यांनी ते बोलणं ऐकलेलं नाही. आणि ते लुगडं मला छळतंय. म्हणजे तू जाणार होतीस. जाऊन काय बोलणार होतीस?

आणखी एक तुला विचारायचं राहिलं, तेही सांगून टाकते. आप्पा खात्यातले. हा नियम त्यांना ठाऊक असणार. मला तुझ्या ओटीत घातलं ते तुझ्या रिकाम्या ओटीकडे बघून, की मी पुढे आड येऊ नये म्हणून? किती वेळा ओठावर आलं होतं. तू काय सांगशील ह्या धास्तीनं विचारलं नाही. आता विचारायला तू नाहीस, आप्पाही नाहीत, आणि मोठ्या आईला विचारायचं धाडस होत नाही.

सुतकात मोठी आई माझ्या शेजारी झोपायची. अशी ती आयुष्यात माझ्या शेजारी झोपली नव्हती. एका दुपारी वकिलांचा पुन्हा फोन आला, तुझ्या जागी आता तिचं प्रतिज्ञापत्र लागणार, आणि माझं. ती लगेच हो म्हणाली. ही माझी न्हाय असं लिवून देते, म्हणाली. मला वाटलं, ताईसाठी म्हणतेय. दोन मुलींना वाचवायला तिसरी परत एकदा दिली. मी तोंड फिरवलं तशी ती बराच वेळ माझी पाठ चोळत राहिली. मग म्हणाली, “तुला घेतली तवा तुझ्या काकीनं मला येकच इचारलं. वैनी, परत मागशील काय? मी न्हाय म्हटलं. आता माझी म्हटलं का ते परत मागणंच झालं, बाय.”

बघ काकी, तुमचं दोघींचं काय चाललंय. तू तिचं देणं पुसायला तयार नव्हतीस, ती दिलेलं परत घ्यायला तयार नाही. कोर्टाला एक आई हवी आहे आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे बोट दाखवताय. मला हसू आलं, पण खरं बोलायला आता मी एकटीच उरलेय.

त्याच आठवड्यात तुझ्या कार्याची कार्डं छापायला मी म्हसळ्याला गेले. वकिलांनी सांगून ठेवलं होतं, कन्या असं ठळक लिहा. छापखानेवाले तेच म्हातारे, आप्पांचा बॅनर करणारे. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, कन्या म्हणून एकच नाव? मी म्हटलं, हो, मागच्यासारखी चूक नको.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मागच्या वेळी चूक नव्हती झाली. त्यांनी तुला तेव्हाच टोकलं होतं म्हणे. हवालदारांच्या घरची गोष्ट आहे, कागदोपत्री दोन मुली असतील तर दोनच लिहा, पुढे अनुकंपाच्या वेळी आड येईल. त्यांच्या मेव्हण्याच्या घरी तसंच झालं होतं. मी विचारलं, मग काकी काय म्हणाली?

“म्हणाली, जित्तेपणी भावजींनी पोरीच्या डोक्यावर कधी हात ठेवला न्हाय. येका बॅनरवर तरी तिला बाप मिळू दे. पुढं काय व्हायचं ते मी बघीन.”

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं. म्हणजे तुला माहीत होतं. आप्पांचा तो खिशात जाणारा हात तू दरवेळी बघत होतीस. आणि मी तुला अक्कल विचारली. तू त्यावरही नुसतं भाताचं सांगितलंस. काकी, तू तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? एरवी तर बोटवाल्याला सोडायची नाहीस.

कार्डावर कन्या म्हणून माझं एकटीचं नाव छापलंय. वकिलांसाठी नाही. तू मला एका बॅनरवर बाप दिलास, मी तुला एका कार्डावर मुलगी दिली. पण उद्याच्या कागदावर मी तुझ्या पोटची असं लिहिणार नाही. मोठ्या आईनं मला जन्म दिला आणि बाराव्या दिवशी तुला दिलं, असंच लिहिणार आहे. वकील वैतागतील. काकांनी रजिस्टरात खोटं लिहिलं हे उघड्यावर येईल, पंचायतीतलं माझं काम जाईल बहुतेक. ते मी सोसेन. तू पुढचं बघणार होतीस, ते खरं बोलून की खोटं बोलून, हे मला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. हे माझं मी ठरवलंय. त्या पालीकडच्याच्या आईला काय सांगायचं, हाही प्रश्न मला झोपू देत नाही. फक्त एक सोसवत नाही. ताई.

ताईनं मला एका शब्दानं कधी म्हटलं नाही की तुझ्यामुळे. गेल्या वर्षभरात तिचे डोळे आत गेलेत, पण नाही म्हणाली. बुडालेल्या माणसाची बायको जेट्टीवर बसलेली असते ना, तिच्याजवळ ताई तासन्‌तास बसून राहते, पंचनामा झाला तरी उठत नाही. ती वर्दी तिला शोभते गं. मोठ्या आईचं औषधपाणी तिच्यावर आहे आणि तिचं स्वतःचं ताठ चालणंही त्या वर्दीवरच आहे. आणि ती उद्या माझ्यासोबत यायला म्हणून रजा टाकून येतेय. सकाळी फोनवर म्हणाली, लवकर निघू, एक सही तर आहे. मी हो म्हटलं.

तिची दुसरी वर्दी इथेच असते, तूच धुवायचीस. ह्या वेळी मी धुतली. मागच्या दारी दोरीवर घातलीय, तुझं ते हिरवं लुगडं शेजारीच आहे. उद्या मी तेच नेसून जाणार आहे. मला लुगडं नेसता येत नाही हे तुला माहीत आहे. मोठी आई नेसवेल.

बोट अलीकडे लागली. इतक्या लांबूनही मला ताईची चाल ओळखता येते. तू असतीस तर आतून ओरडली असतीस, बसल्येस काय, पाणी तापव. कुणीतरी ओरडायला हवं होतं आत्ता.

चढणीवर बूट वाजतायत. आता बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी आली. नेहमीसारखी तिथूनच विचारतेय, वर्दी वाळली काय गो?

वाळलीय. तेवढं मी तिला सांगेन, आणि मग म्हणेन, ताई, आधी इथे बस.